बंद कूलरचा झटका

१

धनराज पिंपळशेंडे कूलरला हात लागून गेले, याचे गडचांदूरला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते कूलर बंद होता याचे.

धनराजभाऊ सिमेंट कंपनीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी आयुष्यभर इतरांच्या वेळेवर लक्ष ठेवले आणि निवृत्तीनंतर तीच नजर गल्लीकडे वळवली. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करावे, हा नियम ते स्वतः पाळत आणि दुसऱ्यांकडून पाळून घेत. कोणाच्या चालू कूलरमध्ये पाइप दिसला, की कुंपणावरून ओरडत, "बटन बंद कर बे, मराचं हाये का?"

मे महिन्यातल्या त्या दुपारीही त्यांनी मागच्या पडवीतले बटण बंद केले, अनवाणी पायांनी पाइप ओढत आणला आणि कूलरच्या टिनाच्या पेटीवर हात टेकवला. पाण्याचा आवाज थांबत का नाही, म्हणून त्यांची बायको वच्छलाबाई पाहायला आल्या, तेव्हा पाणी पडवीभर पसरले होते आणि नियम पाळणारा माणूस त्यात पडला होता. वच्छलाबाईंनी आधी मेन स्विच पाडला, मग हाक मारली. इतक्या वर्षांच्या संसारात एवढे तरी अंगी आले होते.

हाकेला उत्तर आले नाही.

ठाणेदार आले. त्यांनी पंचनाम्यात लिहिले, 'मृत्यू कूलरच्या विजेच्या धक्क्याने.' पुढे लिहिले, 'कूलरचे बटण बंद स्थितीत.' मग दोन्ही वाक्ये पुन्हा वाचली आणि पेनाला टोपण लावले.

पुण्याहून मुलगा अतुल आला. तो कॉम्प्युटरवाला. त्याने अंत्यसंस्कारानंतर सरळ ठाणे गाठले आणि तक्रार दिली ती आकिबच्या नावाने. आकिब हा त्याच गल्लीतला वायरमन. संक्रांतीच्या सुमारास त्याने या घरात मोबाइलवरून चालणारी स्मार्ट बटणे लावली होती आणि त्याच फेरीत कूलरचे सॉकेटही बदलले होते. काम झाल्यावर त्याने मोबाइलच्या स्टेटसवर व्हिडिओ टाकला होता, 'गडचांदूरचं पहिलं फुल स्मार्ट घर, आपल्या हातचं!' स्टेटस दुसऱ्या दिवशी निघून जाते, पण गल्लीतल्या गुणी माणसांनी ते जपून ठेवले होते. त्यांनी ते ठाण्यात आणून दाखवले.

आकिबला उचलले. त्याचे परमिट जाणार, तुरुंगही होणार, याबद्दल चहाच्या टपरीवर एकमत झाले. फक्त एका कागदाची वाट होती. विजेने माणूस मेला तर विद्युत निरीक्षकाने येऊन कारण सांगायचे असते, आणि ते कारण सांगायला चंद्रपूरहून रंजीता कुमरे आली.

२

रंजीता धानोऱ्याकडच्या गावातली. घरी ढोरे, शेत, मोहफुले. शिकून ती सहायक विद्युत निरीक्षक झाली होती. तिच्या बॅगेत मीटर, टेस्टर आणि पुडीभर फुटाणे असत. समोरचा खोटे बोलायला लागला, की ती फुटाणे खाई. त्यामुळे ठाणेदारांना वाटले, बाईला भूक फार लागते.

पडवीत कूलर तसाच होता. पिन सॉकेटमध्ये, बटण बंद.

"मेन चालू करा," ती म्हणाली.

"मॅडम, एक गेला आहे."

"म्हणूनच दूर उभे राहा."

तिने रबरी चटई टाकली आणि टेस्टर पेटीला लावला. टेस्टर पेटला. तिने बटण चालू केले, बंद केले. टेस्टरला त्याचे काहीच नव्हते, तो पेटलेलाच. पिन उपसून काढली, तेव्हा कुठे विझला.

"पेटीत वायर टेकली असेल कुठी," ठाणेदार म्हणाले. "आकिबनं सॉकेट लावलं तेच..."

रंजीताने सॉकेट उघडले. लाल तार लालच्या जागी, काळी काळीच्या, हिरवी हिरवीच्या. इतके नीट लावलेले सॉकेट तिने परीक्षेतल्या आकृतीतच पाहिले होते. कूलरची मोटरही तपासली. तिच्यातून वीज गळत नव्हती.

मग ती उठली आणि टेस्टर घेऊन घरभर हिंडली. फ्रिजला लावला, पेटला. वॉशिंग मशिनला लावला, पेटला. ज्याची ज्याची तीन पायांची पिन भिंतीत होती, ते प्रत्येक लोखंड जिवंत होते.

"मॅडम," ठाणेदारांनी भिंतीपासून एक पाऊल दूर घेत विचारले, "म्हणजे कूलरनं मारलं नाई?"

"कूलर निर्दोष आहे," रंजीता म्हणाली. "धनराजभाऊंना घरानं मारलं."

३

मागच्या खोल्यांतला पहिला स्मार्ट बटणाचा डबा उघडताच तिला जे हवे होते ते दिसले. ठाणेदारांना तारांचे वेटोळे दिसले. म्हणून तिला समजावून सांगावे लागले.

"साधं बटण म्हणजे फाटक. लाल तार तोडते, जोडते. त्याला स्वतःला काही लागत नाही. हे स्मार्ट बटण मात्र दिवा बंद असला तरी जागं असतं. मोबाइलवरून कोण हाक मारते, ऐकत बसतं. जागं राहायला त्याला थोडी वीज लागते. वीज आली म्हणजे परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे काळी तार, न्यूट्रल."

"मग द्या ना काळी."

"तीच तर इथे नाही. आपल्याकडे घराच्या वायरिंगचा देशभराचा नियम आहे, बटण लाल तारेवरच हवं. काळी सरळ वर दिव्याकडे, पंख्याकडे जाते. ती बटणाच्या डब्यात आलीच पाहिजे असं नियम म्हणत नाही. हे घर बांधलं तेव्हा बटणाला कोणाचं ऐकायचं नव्हतं. पण डबा लोखंडी असेल तर त्याला अर्थिंगची हिरवी तार हवी, हा नियम तेव्हाही होता, आणि बांधणाऱ्यानं तो पाळला."

ठाणेदारांनी डब्यात वाकून पाहिले. स्मार्ट बटणाच्या ज्या खाचेत काळी तार जायची, त्या खाचेत हिरवी घातली होती.

"काळी मिळाली नाही, हिरवी समोर दिसली," रंजीता म्हणाली. "बटणं चालतात. कोणाला कळतही नाही. मागच्या सगळ्या खोल्यांत असंच केलंय. साऱ्या बटणांची वीज हिरव्या तारेतून परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात जात होती. आणि तीच हिरवी तार कूलरच्या, फ्रिजच्या पेटीला जोडलेली. एवढी वीज गळताच मेन पाडणारी डबी असते, ती या जुन्या घरात कोणी बसवलीच नाही."

"म्हणजे आकिबच!" ठाणेदार सुटकेच्या स्वरात म्हणाले.

"पुढच्या खोल्यांचं पण पाहू."

पुढच्या दोन खोल्यांत सॉकेट आणि बटणे एकाच बोर्डात होती, त्यामुळे काळी तार हाताशी होती. तिथे प्रत्येक स्मार्ट बटणाला काळी काळीच्याच खाचेत, वर टेपची तिहेरी गुंडाळी. मागच्या खोल्यांत टेपचा पत्ता नव्हता.

एकाच माणसाने एकाच घरात अर्धे काम शहाण्यासारखे आणि अर्धे वेड्यासारखे केले होते, किंवा माणसे दोन होती.

४

ठाण्याच्या बाकावर आकिबची आई शमसुन्निसा बसली होती. शिवणकामातून मुलगा वाढवलेला, बोटांवर सुईचे डाग. रंजीता दिसताच ती उठली.

"मॅडम, लड़का बड़बोला है. हाथ का झूठा नहीं है."

आत आकिब भिंतीला टेकून होता. रंजीताने विचारले, "मागच्या खोल्या कोणी केल्या?"

"मी नाई केल्या, मॅडम."

"लेका, व्हिडिओत तर फुल स्मार्ट घर म्हणतं!" ठाणेदार म्हणाले.

"सर, अर्धं स्मार्ट घर कोण म्हणते? त्या व्हिडिओवर मले राजुऱ्याहून, कोरपन्याहून फोन आले. अर्धं म्हटलं असतं तर आले असते काय?"

"पहिल्या दिवशी हे काऊन नाई सांगतलं?"

आकिब खाली पाहत म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं, 'घराचं काम तूच केलं ना?' मी म्हटलं हो, मीच. मले वाटलं, काम चांगलं झालं म्हणून विचारून राह्यले."

रंजीताने फुटाणे काढले नाहीत.

"मागं काळी तारच नव्हती," आकिब सांगू लागला. "मी म्हटलं, नवी ओढा लागते, भिंत खोदा लागते. धनराजभाऊ तयार होते. अतुलभाऊनं फोनवरून नाई म्हटलं. म्हणे, रंग नवा हाये. मग मी उरलेली बटनं खोक्यात ठेवून निघून आलो. भाऊ म्हणले, पोट्टा येईल तेव्हा पाहू."

"याले साक्षीदार?"

"धनराजभाऊ," आकिब म्हणाला.

बाहेर येऊन ठाणेदारांनी हिशेब मांडला. "मॅडम, पोट्टा खोटं बोलून राह्यला. व्हिडिओनंतर परत येऊन लावली असतील. कोणी पाह्यलं?"

प्रश्न बरोबर होता. मागची जोडणी संक्रांतीला झाली की नंतर, हे भिंतीत कुठेही लिहिलेले नव्हते. शिवाय रंजीताला दुसराच एक प्रश्न सतावत होता. हिरवी तार महिनोन् महिने सारी वीज गुपचूप खड्ड्यात नेऊन टाकत होती. मग त्याच दुपारी तिने काम का सोडले?

ती परसात गेली. अर्थिंगचा खड्डा कुंपणाच्या अगदी कडेला होता. खड्ड्यातून वर येणारी लोखंडी पट्टी बोटभर उंचीवर कापलेली होती. बाकी पट्टी गंजून तपकिरी झाली होती. कापलेले तोंड चांदीसारखे चकाकत होते.

५

कुंपणाच्या पलीकडे भैयाजी. भैयाजी दूध विकत. कुंपण नेमके कोणाच्या जागेत आहे, यावरून धनराजभाऊंचे आणि त्यांचे वैर गल्लीला पाठ होते. ठाणेदारांचे डोळे चमकले. रंजीताचे डोळे मात्र म्हशीकडे होते.

म्हैस खड्ड्याला लागून असलेल्या सिमेंटच्या टाक्यात तोंड घालून पाणी पीत होती. टाक्याभोवतीची जमीन ओली चिखल. पण तिथे शेण होते ते ताजे, दोनचार दिवसांचे. जुन्या शेणाचा ढीग आणि खुरांनी उकरलेली जमीन पार दुसऱ्या टोकाला, जांभळीखाली होती. तिथे एक घमेले पालथे पडले होते.

"भाऊ, म्हैस तिकडं बांधत होते ना? इकडं कधी आणली?"

भैयाजींना हा प्रश्न पोलिसांबरोबर आलेल्या बाईच्या तोंडून येईल असे वाटले नव्हते. त्यांचा चेहराच उजळला.

"आता तुम्हीच ऐका, बाई! माही म्हैस या टाक्याजवळ येतच नव्हती. तहानेनं जीभ काढे, पण इथी पाय टाकला का मांगं उडी. दूध आटलं. ढोराच्या डॉक्टरले दाखवलं, तो म्हणे पोटात कृमी. मग मांत्रिक आणला, त्यानं लिंबू कापलं. तिकडं घमेल्यात पाणी पाजून पाजून माहे हात दुखले."

"धनराजभाऊंना सांगितलं?"

"सांगतलं ना! हसले. म्हणे, भैयाजी, म्हशीलेही हद्दीचा वाद समजला." भैयाजींनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "बोलत तसे कडू, पण माणूस वाईट नव्हता."

"मग पट्टी कापली."

भैयाजींनी एकदा ठाणेदारांकडे पाहिले. "कापली. चोरी नाई केली जी, तिथीच फेकली. मी टाकं धूत होतो, ओला हात त्या पट्टीले लागला. असा झिणका बसला! तवा समजलं, म्हैस काऊन येत नाई. यायच्या घरचा करंट माह्या जमिनीत सोडून राह्यले. मी म्हटलं, आपली जागा, आपली म्हैस. सकाळी आरी आणली, कापून टाकली. म्हशीनं घटाघटा पाणी पेलं."

"कोणत्या सकाळी?"

भैयाजींनी बोटे मोजायला वर केली आणि मध्येच खाली आणली. धनराजभाऊंच्या पडवीकडे त्यांनी पाहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "त्या पट्टीचा अन् कूलरचा काय संबंध हाये?"

"चला," ठाणेदार म्हणाले. "आरी घ्या सोबत."

"थांबा," रंजीता म्हणाली. "पट्टीत वीज यायलाच नको. नीट जोडलेल्या घराची पट्टी कापली असती तर त्या दुपारी काही झालं नसतं. भैयाजींनी कापल्यावर त्या विजेला खड्ड्याची वाट उरली नाही. ती हिरव्या तारेत तुंबली, पेट्यांत आली, आणि ओल्या पायांचा माणूस तिला जमिनीत जायची वाट म्हणून मिळाला. यांचा गुन्हा लिहा, पण मला वेगळं विचारायचं आहे. भाऊ, म्हैस बिथरली कधीपासून?"

"होळीपासून."

"संक्रांतीपासून नाही?"

"नाई ना जी. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, इथीच पाणी पेत होती. टाकं तर बारमाही सांडते, जमीन कवाच सुकत नाई. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पह्यल्यांदा मांगं सरली. अंगाले रंग लागला म्हणून भेली, असंच मले वाटलं."

रंजीताने ठाणेदारांकडे पाहिले. "हिरवी तार संक्रांतीला जोडली असती, तर म्हैस संक्रांतीलाच मागे सरली असती. आकिबनं सोडलेलं काम होळीला झालंय."

"पण केलं कोणं?"

रंजीता तोवर पिंपळशेंड्यांच्या दाराकडे निघाली होती.

६

वच्छलाबाई खाटेच्या काठावर बसल्या होत्या. अतुल खुर्चीत, हातात मोबाइल. रंजीताने त्यांना सारे सांगितले. काळी तार, हिरवी तार, खड्डा, कापलेली पट्टी. आवाज चढवला नाही आणि कोणाचे नावही घेतले नाही. सांगताना ती अतुलकडे पाहत होती. हिरव्या तारेपाशी त्याच्या हातातला मोबाइल मांडीवर आला आणि तिथेच राहिला.

"मागची बटणं होळीला लागली," ती म्हणाली. "कोणी लावली?"

"आकिबनंच," अतुल म्हणाला. त्याचा आवाज तक्रार देतानाचा नव्हता. "सगळी त्यानंच लावली. व्हिडिओ आहे ना."

रंजीताने बॅगेतून पुडी काढली. एक फुटाणा तोंडात टाकला.

कारखान्याकडून सिमेंटच्या गाड्या जात होत्या, त्यांच्या हादऱ्यांनी खिडकीची तावदाने थरथरत होती. शेवटी वच्छलाबाई बोलल्या, पण रंजीताशी नाही.

"टॉर्च म्या धरला होता, अतुल."

"आई, तू आत जा."

"तू स्टुलावर चढला होता. मोबाइलात तो गोरा माणूस दाखवून राह्यला होता, कोणती तार कुठी. म्या विचारलं, ही हिरवी कायची? तू म्हणाला, ही रिकामीच पडून हाये, काहीच कामाची नाई."

"मी कूलरला हात पण नव्हता लावला!" अतुल उठून उभा राहिला. "ते लाइटचं होतं. बाबांचे गुडघे दुखायचे, अंधारात उठायला नको म्हणून. आणि लावल्यावर सगळे दिवे लागले. चुकलं असतं तर लागले असते का? चालत होतं ना, मॅडम?"

"हो," रंजीता म्हणाली. "चालत होतं."

तो खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर.

"तक्रार दिली तेव्हा मला खरंच वाटलं, सॉकेट त्याचं आहे, तर त्याचंच चुकलं असेल," तो म्हणाला. "खरंच, आई."

"तेव्हा वाटलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता काय म्हणाला तू?"

वच्छलाबाईंनी डोळे पुसले नाहीत. उठून त्यांनी पायांत चप्पल घातली. अजून सुतकाचे दिवस होते, आणि या दिवसांत घराबाहेर पडू नये हे त्यांना माहीत होते.

"चाल," त्या मुलाला म्हणाल्या. "नवरा गेला, तो काई परत येत नाई. दुसरीचा पोट्टा आत टाकून मले या घरात भाकर गोड लागन काय? तूच सांगजो ठाणेदाराले. म्या सांगतलं तर वेगळं होईन. तू सांगतलं तर जरा बरं होईन."

ठाण्याच्या बाकावर शमसुन्निसा होतीच. वच्छलाबाई येऊन शेजारी बसल्या. दोघी एका गल्लीतल्या, पण इतक्या दिवसांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. आत अतुल सांगत होता आणि ठाणेदार लिहीत होते. मध्ये एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वच्छलाबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले.

संध्याकाळी दार उघडले. आधी आकिब बाहेर आला. त्याच्या मागे अतुल दिसला, आणि हवालदाराने त्याला दुसऱ्या खोलीकडे वळवले. दारात दोघे क्षणभर समोरासमोर आले. अतुल काहीतरी बोलणार होता. आकिबने बाजूला होऊन त्याला वाट दिली.

"अम्मी, चलो," आकिब म्हणाला.

शमसुन्निसाने मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. दंड चाचपला, गालावरून हात फिरवला. मग शेजारी पाहिले. वच्छलाबाई दुसऱ्या खोलीच्या बंद दाराकडे टक लावून बसल्या होत्या.

"तू जा घर," शमसुन्निसा म्हणाली. "रोटी ढकी रखी है, खा ले." आणि ती परत बाकावर बसली. "मैं बैठती इधर. इसका लड़का अंदर है."